इव्हिल मोजायचं की ठरवायचं?

डीअँडडी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, हा टेबलाभोवती बसून पात्रं रंगवत खेळायचा खेळ. त्याच्या कॅरेक्टर शीटवर (पात्राच्या माहितीच्या कागदावर) अलाइनमेंटचा, म्हणजे पात्राच्या नैतिक कलाचा, एक चिमुकला रकाना असतो. टेबलावरची बरीच भांडणं तिथूनच निघतात. दोष खेळणाऱ्यांना दिला जातो, पण माझ्या मते तो रकान्याचा आहे. एकाच रकान्याच्या गळ्यात दोन कामं बांधली आहेत: पात्र विश्वाच्या लढाईत कोणत्या बाजूचं, आणि माणूस म्हणून कसं. ही दोन्ही उत्तरं जुळलीच पाहिजेत असं कुठे आहे?

सुरुवातीला काम एकच होतं. १९७४च्या मूळ नियमांत लॉ (सुव्यवस्था), न्यूट्रॅलिटी (तटस्थता) आणि केऑस (अनागोंदी) एवढंच होतं. पोल अँडरसन आणि मायकल मूरकॉक यांच्या कादंबऱ्यांतून आलेली ही कल्पना म्हणजे सरळसरळ फौजांची वाटणी होती. १९७६मध्ये खेळाचा सहनिर्माता गॅरी गायगॅक्सने गुड-इव्हिलचा (चांगलं-दुष्ट) दुसरा अक्ष जोडला आणि १९७८च्या प्लेअर्स हँडबुकपर्यंत लॉफुल गुडपासून केऑटिक इव्हिलपर्यंत आपली ओळखीची नऊ घरं उभी राहिली. बाजूचा स्वभाव झाला तो इथे. मग स्वभाव बदलला तर दंडही आला. १९७९च्या डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) गाइडनुसार अलाइनमेंट बदललं की पात्राची एक लेव्हल जायची. माणूस बदलतो ही गोष्टीतली सगळ्यात मोलाची घटना, आणि नियमांच्या लेखी ती चूक!

खरा घोळ 'डिटेक्ट इव्हिल' या दुष्टपणा हुडकणाऱ्या स्पेलने (मंत्राने) घातला. तिसऱ्या एडिशनमध्ये (२०००) हा स्पेल ६० फुटांपर्यंत चालतो. पहिल्या राउंडला इव्हिल आहे की नाही ते कळतं, दुसऱ्याला किती ठिकाणी आणि सगळ्यात तीव्र किती, तिसऱ्याला नेमकं कुठे. पॅलाडिनला (शपथेने बांधलेल्या धर्मयोद्ध्याला) तर तो हवा तेव्हा वापरता येतो. राउंड ६ सेकंदांचा, म्हणजे डीएमने आठवडाभर खपून रचलेली खुनाची गोष्ट १८ सेकंदांत आटोपते. त्यात ही ऑरा (स्पेलला दिसणारं वलय) खुन्याचीच असते असंही नाही. कोत्या मनाचा, शीटवर इव्हिल लिहिलेला सावकारही तिथे उजळतो आणि कुणीतरी तलवार उपसून म्हणतं, 'स्पेलनेच सांगितलं ना!'

पाचव्या एडिशनने (२०१४) यावर चांगला तोडगा काढला. 'डिटेक्ट इव्हिल अँड गुड' ३० फुटांत जीवांपैकी फक्त अ‍ॅबरेशन, सेलेस्टियल, एलिमेंटल, फे, फीन्ड (सैतानी जीव) आणि अनडेड (मेल्यावरही वावरणारे) हे अमानवी प्रकार ओळखतो. माणसाच्या मनातलं पाप त्याला दिसत नाही. मात्र नाव जवळपास तेच ठेवल्यामुळे नवे डीएम अजूनही 'हो, तो सरदार इव्हिल आहे' असं सांगून मोकळे होतात. जुनी एडिशन खेळत असाल तर असाच नियम लावा: फीन्ड, अनडेड, दुष्ट देवाचे क्लेरिक (पुजारी) आणि तसल्या जादूई वस्तू यांनाच ऑरा, बाकी सगळे कोरे. पॅलाडिन घेणाऱ्याला हे पहिल्या सेशनच्या आधी सांगा, कारण तुम्ही त्याची ताकद कमी करताय.

आता ऑर्क (खेळातली एक राक्षसी जमात) कैद्यांचा जुना वाद. शरण आलेल्या ऑर्कला मारणं पाप का? उत्तर कॅम्पेन (अनेक सेशन्स चालणारी गोष्ट) सुरू होण्यापूर्वी ठरवायचं असतं, कैदी समोर आल्यावर नाही. ऑर्क हे दुष्टपणातूनच घडलेले जीव असतील तर त्यांना पोरंबाळं, रडणं, गयावया दाखवू नका. दाखवणार असाल तर ती माणसंच झाली, आणि मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये (खेळातल्या राक्षसांच्या पुस्तकात) काहीही छापलेलं असो, बांधलेल्या माणसाला मारणं हा खून आहे. दोन्ही एकदम चालवणारे डीएम पॅलाडिनला सापळ्यात पकडतात. तिसऱ्या एडिशनमध्ये जाणूनबुजून एक इव्हिल कृत्य केलं की पॅलाडिनची शक्ती गेली, म्हणजे एका झटक्यात खेळाडूचं पात्र निकामी. फासा टाकण्याआधी एवढं विचारा: 'हे केलंस तर शपथ मोडेल, तरी करतोस?' त्यानंतर जे होईल ते त्याचं.

'मी केऑटिक न्यूट्रल आहे, म्हणून चोरलं' या खेळाडूंच्या सबबीवरही उपाय आहे. पहिली तीन सेशन्स रकाना कोराच ठेवा आणि मग कृत्यं बघून भरा. कृत्य धरायचं ते दुसरा मार्ग मोकळा असताना केलेलं, आणि ज्यात काहीतरी गमवावं लागलं तेच. पाच हजार सोन्याच्या नाण्यांतली पन्नास भिकाऱ्याला दिली तर तो चांगुलपणा नव्हे, चिल्लर आहे.

नऊ घरं अगदीच टाकाऊ आहेत असं मात्र मी म्हणणार नाही. डेव्हिल आणि डीमन या फीन्डांच्या दोन जमाती. दोघेही इव्हिल, तरी एक कराराला बांधलेला, दुसरा कशालाच नाही, आणि म्हणून त्यांचं आपसात ब्लड वॉर नावाचं युद्ध. ही मांडणी या चौकटीशिवाय सुचली नसती. लॉफुल इव्हिल खलनायक टेबलावर जास्त कामाचा असतो तेही यामुळेच: त्याच्याशी सौदा करता येतो.

इतर गेम्सनी जास्त डोकं चालवलंय. राजा आर्थरच्या सरदारांवरच्या पेंड्रॅगनमध्ये (१९८५) गुण-अवगुणांच्या १३ जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीची बेरीज २०. दयाळू १३ तर क्रूर ७. वीस बाजूंचा फासा १३ किंवा खाली पडला की सरदार दया दाखवतो. म्हणजे चांगल्या माणसाच्या हातूनही वाईट घडू शकतं, आणि ते कधी घडेल हे खेळाडूलाही ठाऊक नसतं.

मला सगळ्यात पटलेला मार्ग डीअँडडीतूनच फुटलेल्या पाथफाइंडर या गेमचा. २०२३च्या रीमास्टरमध्ये (नियमांच्या सुधारित आवृत्तीत) त्यांनी अलाइनमेंट काढूनच टाकलं. विश्वाची बाजू होली-अनहोलीकडे (पवित्र-अपवित्र) गेली आणि वागणुकीसाठी एडिक्ट व अ‍ॅनाथेमा, म्हणजे काय करायचं आणि काय कधीच करायचं नाही. दोन कामं, दोन रकाने. हे कुठल्याही गेमला जोडता येतं: प्रत्येकाने दोन एडिक्ट आणि दोन अ‍ॅनाथेमा लिहायचे. गडबड होते ती गुळगुळीत वाक्यांमुळे. 'अन्याय सहन करणार नाही' हे कधी मोडलं तेच कळत नाही. 'शरण आलेल्यावर हत्यार उचलणार नाही' हे आज रात्रीच्या सेशनमध्येच मोडू शकतं. डीएमने सगळ्यांची वाक्यं एका कागदावर उतरवून त्यातली एकमेकांशी भांडणारी दोन शोधावीत, आणि पुढचा प्रसंग त्यांच्यावरच बेतावा.