‘बॉम्बरला खिडक्या चिकटवल्या’ या प्रतिक्रियेला उत्तर

व्हल्कन या ब्रिटिश बॉम्बरच्या प्रवासी अवताराचं मॉडेल मी केलं, त्यावरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: “चांगल्या बॉम्बरचा सत्यानाश केलात. खिडक्या चिकटवल्या म्हणजे प्रवासी विमान होत नाही. वर पांढरा रंग फासून लपवाछपवी. जे घडलंच नाही त्याची मॉडेलं करायची तर सरळ खेळणीच करा ना!” प्रतिक्रिया झणझणीत आहे, चार ओळींत आटोपणार नाही.

खिडक्यांबद्दल तुम्ही म्हणता ते मला शंभर टक्के मान्य आहे. व्हल्कनमध्ये हवेचा दाब राखलेला भाग म्हणजे पुढची वैमानिक आणि सहकाऱ्यांची केबिन, तेवढाच. मागे बॉम्ब ठेवायचा लांबलचक कप्पा, आणि त्याच्या डोक्यावरून पंखांचे मुख्य आडवे कणे जातात. तिथे खुर्च्या मांडल्या तर प्रवाशांना मान वाकवून बसावं लागेल आणि चाळीस हजार फुटांवर श्वासही घेता येणार नाही. म्हणून व्हल्कनच्या धडाला मी एकही खिडकी लावलेली नाही, कारण त्याचं धड मॉडेलवर उरलेलंच नाही! पंख आणि शेपटी १/१४४ मापाच्या व्हल्कन बी.२ च्या किटमधली, आणि धड त्याच मापाच्या कॉमेट ४बी या प्रवासी जेटचं. दोन्ही ब्रिटिश, दोन्ही त्याच काळातली. लेखातला चौथा फोटो पुन्हा बघा: पंख धडाच्या मध्यातून आरपार जात नाही, केबिनच्या जमिनीखालून जातो. हा एक बदल करायला करवत, पुट्टी आणि सँडपेपर यांत सगळ्यात जास्त वेळ गेला.

ही युक्ती माझी नाही. सोव्हिएत विमान-रचनाकार तुपोलेव्हच्या माणसांनी तू-१६ या बॉम्बरचं तू-१०४ हे प्रवासी विमान केलं ते असंच. पंख, इंजिनं, शेपटी बव्हंशी तीच, धड मात्र नवं, रुंद, संपूर्ण दाबबंद, आणि पंख खाली उतरवलेला. १९५६ मध्ये ते प्रवासी घेऊन उडू लागलं. नाकाची नेव्हिगेटरची काच तशीच राहिली होती, त्यामुळे समोरून बघितलं की कुळ लगेच ओळखू यायचं.

तुम्हाला वाटतं तसा ‘बॉम्बरमध्येच माणसं बसवा’ प्रकारही प्रत्यक्षात झालाय. तू-११६. तू-९५ या बॉम्बरच्या पोटात केबिन बसवून अशी दोनच विमानं केली, सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हच्या १९५९ च्या अमेरिका दौऱ्यासाठी, नवं प्रवासी विमान तू-११४ वेळेत तयार झालं नाही तर हाताशी असावीत म्हणून. ख्रुश्चेव्ह गेला तू-११४ नेच. आणि खुद्द व्हल्कन बनवणाऱ्या अॅव्ह्रो कंपनीने त्यावरून ‘अटलांटिक’ नावाचं त्रिकोणी पंखांचं प्रवासी विमान आखलं होतं, ते कागदावरच राहिलं. ‘घडलंच नाही’ हे बरोबर, पण कुणाच्या डोक्यात आलंच नव्हतं असं नाही.

व्हॉट-इफ (‘असं झालं असतं तर?’) मॉडेल करताना मी स्वतःला एकच थाप माफ करतो. इथली थाप अशी: अॅव्ह्रोला गिऱ्हाईक मिळालं. त्यानंतर सगळं १९६१ सालच्या हिशोबाने चालायला हवं. १९५४ मध्ये दोन कॉमेट हवेत फुटली आणि फार्नबरोच्या पाण्याच्या टाकीतल्या चाचण्यांत धातूचा थकवा (वारंवारच्या ताणाने तडे जाणं) उघड झाला. त्यानंतरच्या विमानाला पहिल्या कॉमेटसारख्या चौकोनी वळणाच्या खिडक्या शोभल्या नसत्या. म्हणून गोलसर खिडक्यांचे डिकल (मॉडेलवर चिकटवायची चित्रं). म्हणूनच रंगसंगती बीओएसी या त्या काळच्या ब्रिटिश विमान कंपनीची, आजच्या कुठल्या कंपनीची नाही.

आता पांढरा रंग. ही तक्रार वाचून मला हसू आलं, रागावू नका. अणुबॉम्ब टाकायची कामगिरी नेमून दिलेली होती त्या काळात व्हल्कन मुळातच पांढरं होतं! स्फोटाच्या झळा परतवाव्यात म्हणून तो खास रंग, आणि त्यावरची वायुदलाची वर्तुळंसुद्धा फिक्कट गुलाबी-निळी, गडद रंगाने उष्णता शोषू नये म्हणून. प्रवासी विमानाचं छत पांढरं असतं ते उन्हात केबिन तापू नये म्हणून. पांढऱ्याने इथे काही लपत असेल तर ते पुट्टीचे सांधे, आणि ते लपावेत अशी माझी मनापासून इच्छा आहे.

तुम्ही विचारला नाहीत असा एक प्रश्न मात्र मला खरा छळत होता: माणसं आत चढणार कशी? व्हल्कनचे पाय मुळात उंच, त्यावर मी धड आणखी वर नेलेलं. दाराच्या उंबऱ्यापासून जमिनीपर्यंत मॉडेलवर २७ मिलिमीटर, म्हणजे प्रत्यक्षात जवळजवळ चार मीटर. वीस सेंटिमीटरची एक पायरी या मापात दीड मिलिमीटरचीही भरत नाही. तशा एकोणीस पायऱ्यांचा जिना प्लॅस्टिकच्या पट्ट्यांतून कापला, तेव्हा कुठे शेजारी बारा मिलिमीटरचा प्रवासी उभा केल्यावर विमान पटायला लागलं. खेळण्याला हा जिना लागत नाही.

कुठल्या कंपनीने हे विमान विकत घेतलं असतं का, हा आक्षेप तुम्ही घेतला असतात तर मी गप्प बसलो असतो. पंखाच्या मुळाशी दडवलेली चार इंजिनं दिसायला देखणी, पण दुरुस्तीला जाच. बोइंग ७०७ सारखी पंखाखाली टांगलेली इंजिनं सरळ उघडून काढता येतात. फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेची खाली वळणारी झडप) नसलेला डेल्टा, म्हणजे त्रिकोणी पंख, उतरताना नाक उंच करतो, समोरची धावपट्टी दिसेनाशी होते. कॉंकॉर्ड या तशाच पंखांच्या प्रवासी विमानाला त्यासाठी नाकच खाली झुकवावं लागलं. त्याच कॉंकॉर्डचं ऑलिंपस ५९३ इंजिन १९६६ मध्ये आधी एका व्हल्कनच्या पोटाखाली बांधून उडवून बघितलं होतं, ही गंमत मला या सगळ्या प्रकारात फार आवडते.

राहिला सत्यानाशाचा मुद्दा. व्हल्कनचं कापलेलं धड, बॉम्बच्या कप्प्याच्या दारांसकट, अजून माझ्या डब्यात आहे. तुमच्याकडे धड हरवलेलं एखादं किट पडलं असेल तर पत्ता कळवा, पाठवून देतो.