जुन्या औषधांची चाचणी कोण घेणार?

वैद्यकीय संशोधन म्हटलं की आपल्याला नवीकोरी, महागडी औषधं आठवतात. मला गेले काही दिवस राहून राहून उताको ओकामोतो आठवताहेत.

बाळंतपणानंतर रक्त थांबतच नाही आणि बघता बघता बाई हातची जाते. या जपानी डॉक्टरबाईंना त्यावर इलाज हवा होता. नवऱ्यासोबत काम करून त्यांनी ट्रानेक्झॅमिक ॲसिड शोधलं आणि १९६२ मध्ये ते जगापुढे मांडलं. रक्ताची गुठळी विरघळू न देणारं हे औषध दात काढताना आणि पाळीत फार रक्त जात असेल तेव्हा वापरलं जाऊ लागलं. पण ज्या बाळंतिणींसाठी ते शोधलं, त्यांच्यावर त्याची चाचणी घ्यायला त्या काळचे प्रसूतितज्ज्ञ तयार झाले नाहीत.

ती मोठी चाचणी अखेर लंडनच्या एका संशोधक गटाने घेतली. २१ देश, २०,०६० बायका. निकाल २०१७ मध्ये आला : तीन तासांच्या आत औषध दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू जवळजवळ एक-तृतीयांशाने घटतात. ओकामोतोबाई आदल्याच वर्षी गेल्या होत्या, वयाच्या ९८व्या वर्षी. हे वाचलं तेव्हा पोटात तुटलं. मधल्या पन्नासेक वर्षांत किती आया गेल्या असतील!

पेटंट संपलेल्या औषधावर कोट्यवधी खर्च करून कंपनीच्या हाती काय लागणार? म्हणून मला ठामपणे वाटतं, अशा चाचण्यांचा खर्च सरकारांनीच उचलायला हवा.

आणि आपणही थोडं बदलायला हवं. ‘आमच्यावर प्रयोग नकोत’ हे मी अनेकदा ऐकते, त्यामागची भीतीही मला कळते. संमती न घेता माणसांवर केलेले प्रयोग इतिहासात आहेतच. पण न तपासलेला उपचारही प्रयोगच असतो, फक्त त्याची नोंद कुणी ठेवत नाही. डोक्याला मार लागलेल्यांना कित्येक वर्षं स्टेरॉइड दिलं जायचं. सूज उतरेल, हे पटण्यासारखंच होतं. याच लंडनच्या गटाने १०,००८ रुग्णांवर ते तपासलं. कुणाला औषध, कुणाला नाही, हे लॉटरी पद्धतीने ठरवलं. २००४ मध्ये कळलं की दोन आठवड्यांत स्टेरॉइड घेतलेल्यांपैकी २१.१ टक्के दगावले, न घेतलेल्यांपैकी १७.९ टक्के. चांगल्या हेतूनं दिलेलं औषध माणसं मारत होतं, आणि एकेका खाटेजवळ उभ्या असलेल्या डॉक्टरला ते दिसणं शक्यच नव्हतं.

तेव्हा कुणी चाचणीत यायला विचारलं तर लगेच ‘नाही’ म्हणू नका. आधी विचारा : लॉटरीत दुसऱ्या गटात गेले तर मला कोणता उपचार मिळेल? काही अपाय झाला तर जबाबदारी कोणाची? मध्येच बाहेर पडता येईल का? निकाल वाईट आला तरी छापणार का? या शेवटच्या प्रश्नाला डॉक्टर काय म्हणतात, ते नीट ऐका.