पांढऱ्या फुलाचा प्रत्येक चाफा ‘आल्बा’ नसतो

चाफा, म्हणजे इथे देवचाफा (शास्त्रीय नाव प्लुमेरिया), कसा ओळखायचा हे सांगणारा एक मजकूर सध्या या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरतो आहे. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: फूल पांढरं असेल तर ती प्लुमेरिया आल्बा आणि लाल-गुलाबी असेल तर प्लुमेरिया रुब्रा. पानं सगळ्या चाफ्यांची सारखीच, ती बघण्यात वेळ घालवू नका. नागाच्या फण्यासारखी पानं दिसली की तो नागचाफा. आणि शंका उरलीच, तर वासावरून जात हमखास कळते. लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार, पण यातला एकही मुद्दा टिकत नाही. लोक हे वाचून झाडांवर पाट्या लावतात, त्या पाट्यांसकट फोटो पुढे पाठवतात आणि चूक पक्की होत जाते. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

“पांढरं फूल म्हणजे आल्बा.” सगळा घोळ इथून सुरू होतो. लॅटिनमध्ये आल्बा म्हणजे पांढरी आणि रुब्रा म्हणजे लाल, इतकं खरं आहे. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली ही दोन्ही नावं दिली. पण नाव म्हणजे ओळखपत्र नव्हे. रुब्रा या एकाच जातीत लाल, गुलाबी, पिवळी आणि पांढरी अशी सगळी फुलं येतात. पांढऱ्या पाकळ्या आणि गाभ्याशी हळदीसारखा पिवळा रंग, असा जो चाफा आपण सगळ्यात जास्त पाहतो, तो बहुतेक वेळा रुब्राच असतो. एके काळी त्याला ‘अक्युटिफोलिया’ या नावाने वेगळी जात मानत, पुढे तो रुब्रातच घेतला गेला. खरी आल्बा मूळची पोर्टो रिको आणि लेसर अँटिलिस या कॅरिबियन बेटांवरची, आणि लागवडीत ती रुब्राच्या मानाने क्वचितच दिसते. शिवाय ओब्टुसा आणि पुडिका या जातींची फुलंही पांढरीच. तेव्हा ‘पांढरं’ एवढ्यावरून जात ठरतच नाही.

रंगाचा भरवसा आणखी एका कारणाने नाही. लाल फुलांच्या झाडाचं बी पेरलं, तर त्या रोपाला लालच फुलं येतील असं सांगता येत नाही. हवा तो रंग राखायचा असेल तर फांदी लावतात, ती त्यासाठीच.

“पानं सगळ्यांची सारखीच.” हे मात्र मला मनापासून खटकतं, कारण या झाडाची खरी ओळख पानातच आहे. फुलाकडे पाहून फारसं काही हाती लागत नाही: एकमेकींवर चढलेल्या, भिंगरीसारख्या पाच पाकळ्या आणि खाली नळी. पुंकेसर नळीच्या पार तळाशी दडलेले असतात, त्यामुळे वरून सगळी फुलं एकाच घडणीची वाटतात. पान तसं नाही.

मी हे लिहिताना समोर दोन गळलेली पानं ठेवली आहेत. पहिलं दोन्ही टोकांना निमुळतं होत गेलेलं आणि शेंड्याशी टोकदार. हे रुब्राचं. उजेडासमोर धरलं की मधल्या जाड शिरेपासून बाजूच्या शिरा जवळजवळ काटकोनात निघून समांतर जाताना दिसतात, आणि कडेच्या जरा अलीकडे, कडेला धरून धावणाऱ्या एका बारीक शिरेला जाऊन मिळतात. दुसरं पान जास्त गडद, वरून तकतकीत, आणि त्याचा शेंडा चमच्यासारखा गोल. ही ओब्टुसा. या शब्दाचा अर्थच बोथट, आणि अक्युटिफोलियाचा अर्थ टोकदार पानांची. म्हणजे ज्यांनी ही नावं ठेवली त्यांनी पानाचा शेंडाच पाहिला होता. आल्बाचं पान या दोन्हींहून वेगळं, लांब आणि अरुंद. त्याच्या कडा खालच्या बाजूला वळलेल्या असतात आणि पाठीवर फिकट, बारीक लव असते. बोट फिरवून पाहा. फक्त पान झाडावरून तोडू नका. तोडलं की पांढरा चीक येतो आणि तो डोळ्यांत गेला तर फार झोंबतो. खाली पडलेलं पान पुरतं.

एक अडचण मान्य करायला हवी. रुब्रा आणि ओब्टुसा यांचे संकर लागवडीत आहेत आणि त्यांची पानं अधलीमधली असतात. अशा झाडावर ‘संकर असावा’ अशी पाटी लावणं प्रामाणिकपणाचं. पानगळीवर निवाडा करणंही धोक्याचं. ओब्टुसा बहुधा हिरवी राहते आणि रुब्रा बहुधा निष्पर्ण होते, पण पाणी आणि थंडी यांनुसार दोन्ही आपला शिरस्ता मोडतात.

“फण्यासारखी पानं, तो नागचाफा.” ही पानं पुडिकाची. देठाकडे अरुंद आणि पुढे पसरट, म्हणून फण्याची उपमा सुचते, आणि विकतानाही हे नाव सर्रास चिकटवतात. पण नागचाफा किंवा नागकेशर म्हणजे मेसुआ फेरिया, एक पूर्णपणे वेगळं झाड. त्याच्या फुलात चार पांढऱ्या पाकळ्या आणि मध्ये पिवळ्या केसरांचा दाट झुबका असतो. ‘फेरिया’ हे नाव लोखंडावरून आलं आहे, इतकं त्याचं लाकूड कठीण.

मराठीत चाफा हे काही एका कुळाचं नाव नाही. देवचाफा, म्हणजे प्लुमेरिया, कण्हेर-सदाफुलीच्या कुळातला. सोनचाफा मॅग्नोलियाच्या कुळातला. त्याच्या फांदीवर पानाच्या प्रत्येक सांध्याशी अंगठीसारखा गोल वण दिसतो, आणि फुलात पाच नव्हे तर पंधरा-वीस अरुंद पाकळ्या. हिरवा चाफा सीताफळाच्या कुळातला वेल, तर भुईचाफा हळदीच्या कुळातला कंद. सुगंधाच्या ओढीने दिलेलं हे नाव मला फार आवडतं, पण ‘सगळे चाफे सारखे’ हा समज त्यातूनच वाढला आहे.

“वासावरून हमखास कळतं.” रुब्राच्याच दोन झाडांचा वास एकसारखा नसतो, आणि एकाच झाडाचा दुपारचा आणि रात्रीचा वासही वेगळा वाटतो. तो रात्री भरतो, कारण लांब सोंडेच्या निशाचर पतंगांना तो बोलावतो. फुलात मध मात्र नसतो. पतंग फसून येतो आणि परागीभवन होऊन जातं. वासाचा उपयोग एवढाच की भरपूर फुललेलं झाड रात्रीही जवळपास गंधहीन असेल, तर पुडिकाची शंका घ्यावी. सुगंधासाठी रोप आणून वर्षभर वाट पाहणाऱ्याला हे आधीच कळायला हवं.

आणि कुणाला झाड ओळखून हवं असेल, तर कृपया नुसत्या फुलाचा फोटो पाठवू नका. पानाचा शेंडा, पानाची पाठ आणि उजेडासमोर धरलेल्या शिरा, असे तीन फोटो सोबत द्या.