क्लबचा इतिहास कपांवरून लिहू नका

मंडळी, सुवर्णमहोत्सव आला की आपल्या कोकणातल्या फुटबॉल क्लबांच्या स्मरणिका निघतात. त्यात काय असतं? पुढाऱ्यांचे शुभसंदेश, कपांचे फोटो आणि 'स्थापनेपासून क्लबने मागे वळून पाहिले नाही' हे वाक्य. अहो, खालच्या गटातला क्लब दर हंगामात मागेच बघत असतो, आपल्या खाली निदान दोन संघ आहेत ना म्हणून! ही खरी हकिगत कपांवर कोरलेली नसते. ती कागदांत असते, आणि आपल्याकडे पावसाळा, वाळवी आणि कसर मिळून कागद संपवतात.

जो कागद उरलाय त्यावर तारीख नसली तरी काळ काढता येतो. वेंगुर्ला, मालवण, सावंतवाडीच्या लेटरहेडवर 'जि. रत्नागिरी' असेल तर ते 1 मे 1981 पूर्वी छापलेलं; सिंधुदुर्ग जिल्हा त्या दिवशी झाला. अलिबागकडे 'जि. कुलाबा' (आताचा रायगड) दिसलं तरी हद्द 1981चीच. पत्त्यात पिनकोड असेल तर छपाई 15 ऑगस्ट 1972 नंतरची. वर्गणीच्या पावतीवर 'न.पै.' म्हणजे नवे पैसे असतील तर साधारण 1957 ते 1964, आणे असतील तर बहुधा त्याआधीची. गुणतक्त्यात विजयाला 2 गुण धरलेत? मग तो बहुधा नव्वदच्या दशकाच्या मध्याआधीचा, कारण 1994च्या विश्वचषकापासून 3 गुणांची पद्धत सगळीकडे रुळली. मात्र एकाच खुणेवर विसंबू नका. छापलेलं लेटरहेड संपेपर्यंत वापरायचं, जिल्हा बदलला म्हणून कोण फेकतोय?

स्थापनेच्या वर्षाचा घोळ तर ठरलेलाच. नोंदणीच्या दाखल्यावर असतं ते नोंदणीचं वर्ष. 1860च्या संस्था कायद्याखाली आणि 1950च्या विश्वस्त कायद्याखाली नोंद होण्याआधी पोरं कित्येक वर्षं मळ्यात खेळत असतात. दोन्ही वर्षं छापा, भांडण मिटतं. पदाधिकाऱ्यांची यादी धर्मादाय कार्यालयातून डोळे झाकून उचलू नका. कार्यकारिणी बदलली की 90 दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो, तो बरेच क्लब विसरतात, मग वारलेले सेक्रेटरी नोंदीत वर्षानुवर्षं कारभार बघत राहतात. इतिवृत्ताची वही आणि पावतीपुस्तकं जास्त खरी. ती गावात नसतील तर मुंबईच्या मंडळाकडे, एखाद्या चाकरमान्याच्या माळ्यावरच्या ट्रंकेत शोधा. पैसा तिथून यायचा, म्हणून हिशेबही तिथेच.

भिंतीवरचे संघाचे फोटो दमटपणाने काचेला चिकटलेले असतात. ओढून काढलात तर चेहरा काचेवरच राहतो. फ्लॅश बंद करून, जरा तिरक्या उजेडात, फ्रेमसकट टिपा. सुटा फोटो असेल तर नावं मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने लिहा; पेनाची शाई पुढे उमटते. लॅमिनेशन नको. आणि नुसतं 'बाळा' लिहू नका, प्रत्येक वाडीत चार बाळा असतात. वडिलांचं नाव आणि वाडी हवीच.

मला सगळ्यात खटकतं ते मैदानाबद्दलचं मौन. क्लब बुडाला की दोष क्रिकेटला, टीव्हीला, मोबाइलला. मैदानाचा सातबारा आणि जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी, काढून बघा, बऱ्याचदा उत्तर तिथे असतं. नियमाप्रमाणे मैदान लहानात लहान 90 बाय 45 मीटर, म्हणजे एक एकर. नेहमीचं 105 बाय 68 धरलं तर सत्तर गुंठ्यांच्या वर. डोंगर आणि खाडी यांच्यामध्ये एवढी सपाट जागा म्हणजे एकतर भाताचा मळा, नाहीतर कातळ. मळा पावसाळ्यात लावणीला जातो, कातळावर पडलं की गुडघा सोलतो आणि चेंडूचं कातडं महिन्यात जातं. त्यात मळ्याच्या वाटण्या झाल्या, बांध पडले, कुणी कलमं लावली, की अकराचा संघ सातांवर येतो. संघ सातांवर कुठल्या वर्षी आला आणि त्याच सुमारास कुठला फेरफार नोंदला गेला, हे शेजारी शेजारी मांडून स्मरणिकेत छापा. शुभसंदेशांची दोन पानं कमी केलीत तर जागा होते.