आपत्तीनंतरचा राडारोडा जाळण्याबाबत खुलासा

पूर किंवा भूकंपानंतर पडलेल्या घरांच्या राडारोड्याचे वर्गीकरण अशक्य असते, म्हणून तो सगळा एकत्र करून तातडीने जाळावा, अन्यथा रोगराई पसरेल, असा संदेश सध्या फिरत आहे. हा सल्ला चुकीचा असून त्यामुळे जिवाला धोका होऊ शकतो.

विटा, काँक्रीट व लोखंड कुजत नाहीत. कुजते ते अन्न आणि मेलेली जनावरे. ती विनाविलंब वेगळी काढलीच पाहिजेत, आणि संदेशामागची काळजी तेवढ्यापुरती रास्त आहे. मात्र जाळण्याने नवे विष तयार होते. कीड लागू नये म्हणून आर्सेनिकयुक्त रसायन मुरवलेले लाकूड जळाले की आर्सेनिक धुरात आणि राखेत उतरते, तर पीव्हीसीच्या नळ्यांपासून हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू आणि डायॉक्सिन ही अतिविषारी रसायने निर्माण होतात. ॲस्बेस्टॉसचे पत्रे आगीत तडकून उडतात व त्यांचे फुफ्फुसांना घातक असलेले तंतू हवेत मिसळतात. म्हणून ते न फोडता, ओले करून, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळूनच हलवावे लागतात. ढिगाऱ्यात गॅस सिलिंडर असेल, तर स्फोट होऊ शकतो.

वर्गीकरण अशक्य आहे, हेही खरे नाही. २०११ च्या त्सुनामीनंतर जपानमधील हिगाशीमात्सुशिमा शहराने राडारोडा हाताने १९ प्रकारांत वेगळा केला आणि त्याचा बहुतांश भाग पुन्हा वापरात आणला.

कृपया तो संदेश पुढे पाठवू नये. आधीच पाठवला असल्यास त्याच गटात हा खुलासा द्यावा, ही कळकळीची विनंती.