‘८ बँडची पाठ इंट्रो’ : त्या मेसेजमधल्या एकेका सल्ल्याचं काय करायचं?

जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार, आयल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेच्या तयारीचा कुठलाही व्हॉट्सॲप ग्रुप उघडा, रायटिंग टास्क २ म्हणजे लेखनातल्या निबंधाबद्दलचा एक मेसेज हमखास सापडतो. त्यात पाच सल्ले असतात : एक इंट्रो, म्हणजे निबंधाचा सुरुवातीचा परिच्छेद, पाठ करा, ती कुठल्याही विषयाला चालते, प्रश्नातला प्रत्येक शब्द बदला, सुरुवात सुविचाराने किंवा आकडेवारीने करा, इंट्रो जितकी मोठी तितकं इम्प्रेशन चांगलं, आणि स्वतःचं मत शेवटच्या परिच्छेदापर्यंत राखून ठेवा, ‘आय’ तर लिहूच नका. फी भरून परीक्षेला बसणारी मुलं यावर विसंबून राहतात, म्हणून हे खोडून काढणं गरजेचं वाटतं.

पाठ केलेल्या इंट्रोपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. ‘इन धिस मॉडर्न एरा, इट इज अ हॉटली डिबेटेड टॉपिक दॅट…’ या वाक्यात विषयाबद्दल एक अक्षरही नाही. टास्क २ ला चार निकष आहेत : प्रश्नाला दिलेलं उत्तर, मांडणीतली सुसंगती, शब्दसंपत्ती आणि व्याकरण. चारही निकषांचं वजन सारखं. गुण ० ते ९ अशा बँडमध्ये मिळतात. शब्दसंपत्तीच्या ४ बँडच्या वर्णनात पाठ केलेल्या, साचेबंद वाक्प्रयोगांचा चुकीच्या जागी वापर स्पष्ट नोंदवला आहे. अख्खं उत्तर पाठ केल्याचा पुरावा असेल, तर थेट ० बँड. परीक्षकाला ते कळतं कसं? सांध्यावर कळतं. घरी अहिराणी किंवा लेवा बोली, शाळेत मराठी. यांपैकी कशातच ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ ही भानगड नाही. त्यामुळे पाठ केलेल्या वाक्यात प्रत्येक ‘द’ जागेवर असतो आणि पुढच्याच, स्वतः रचलेल्या वाक्यात तीन गायब असतात. दोन माणसांनी लिहिल्यासारखा कागद दिसतो.

प्रत्येक शब्द बदलायचा सल्ला अर्धवट खरा आहे, म्हणून जास्त फसवा. प्रश्न जसाच्या तसा उतरवला तर ते शब्द हिशेबात धरले जात नाहीत, हे बरोबर. पण त्यावर उपाय म्हणून शब्दागणिक समानार्थी शब्द शोधले की अर्थ हातातून निसटतो. समजा प्रश्न असा आहे : ‘अनेक देशांत तरुण शेतीकाम सोडून शहरात नोकरीला जात आहेत. हा बदल चांगला की वाईट?’ इथे ‘यंग पीपल’चं ‘चिल्ड्रन’ केलं की प्रश्न बालमजुरीकडे वळतो. ‘फार्म’चं ‘गार्डन’ ही तर आपल्या भागातली खास चूक. रावेर-यावलकडे केळीची बाग म्हणतात, म्हणून ‘बनाना गार्डन’ सहज लिहून जातं. इंग्रजी वाचणाऱ्याच्या डोळ्यापुढे मात्र घरामागची फुलझाडं येतात. केळीसाठी ‘प्लँटेशन’, एरवी सरळ ‘फार्म’. ज्या शब्दाला नेमका पर्याय नाही तो तसाच ठेवा, त्याने गुण जात नाहीत. बदलायची ती वाक्याची रचना : कर्ता बदला, कारण जोडा, दोन वाक्यांचं एक करा. याच प्रश्नाची इंट्रो अशी होईल :

‘फ्यूअर यंग अडल्ट्स इन मेनी पार्ट्स ऑफ द वर्ल्ड आर स्टेइंग ऑन द लँड, ॲज सिटीज ऑफर देम रेग्युलर पे. ऑलदो धिस रेझेस फॅमिली इन्कम्स, आय बिलीव्ह इट इज अ लार्जली निगेटिव्ह ट्रेंड बिकॉज फूड प्रॉडक्शन इज लेफ्ट टू ॲन एजिंग वर्कफोर्स.’

दोन वाक्यं, ४२ शब्द. पहिल्यात विषय, दुसऱ्यात मत आणि त्याचं कारण. ‘ऑलदो’नंतरचा भाग हा पहिल्या मुख्य परिच्छेदाचा मुद्दा आणि ‘बिकॉज’नंतरचा दुसऱ्याचा. म्हणजे इंट्रो लिहितानाच पुढचा आराखडा पक्का झाला. रावेरच्या केळीचं किंवा आपल्याकडच्या कापसाचं उदाहरण द्यायचं तर ते मुख्य परिच्छेदात, इथे नाही.

सुविचार आणि आकडेवारी : चार निकषांपैकी एकातही आकर्षक सुरुवातीला गुण नाहीत. वर्तमानपत्रात वाचक पान उलटेल म्हणून त्याला धरून ठेवावं लागतं. परीक्षकाला वाचावंच लागतं.

लांबीचा मुद्दा वेळेच्या हिशेबाने बघा. टास्क २ साठी साधारण ४० मिनिटं आणि किमान २५० शब्द, आणि त्याचं वजन टास्क १ च्या, म्हणजे लेखनातल्या पहिल्या, छोट्या प्रश्नाच्या दुप्पट. ५ मिनिटं आखणी, ४ मिनिटं इंट्रो, २४ मिनिटं दोन मुख्य परिच्छेद, ३ मिनिटं समारोप, ४ मिनिटं तपासणी, असं बसवलं तर जमतं. इंट्रोच १०० शब्दांची झाली की ती ९-१० मिनिटं खाते. ती मिनिटं कापली जातात मुख्य परिच्छेदांतून, आणि मुद्दा फुलवून आधार देण्याचे गुण तर तिथेच असतात. ४० ते ५० शब्द पुरेत.

आता मत राखून ठेवण्याबद्दल. मत इंट्रोतच हवं असा लेखी नियम नाही, हे मान्य. पण ७ बँडला भूमिका स्पष्ट आणि विकसित हवी, आणि शेवटी उगवलेली भूमिका विकसित होणार कधी? शिवाय वेळ संपली आणि समारोप राहून गेला, तर मत कागदावर उतरतच नाही. ‘दोन्ही बाजूंची चर्चा करा आणि स्वतःचं मत द्या’ या प्रकारात तर इंट्रोमध्ये दोन्ही बाजू आणि तुमचा कल, तिन्ही यायला हवं; ‘धिस एसे विल डिस्कस बोथ व्ह्यूज’ एवढ्यावर थांबू नका. ‘आय’बद्दलची भीती सोडा. प्रश्नच ‘डू यू ॲग्री’ असं विचारतो आणि स्वतःच्या अनुभवातली उदाहरणं मागतो. ‘आय बिलीव्ह’ एकदा इंट्रोत, एकदा समारोपात, झालं.

सरावाला एक पद्धत वापरा. निबंध लिहून झाला की प्रश्न आणि बाकीचे परिच्छेद झाका आणि फक्त इंट्रो अभ्यासिकेतल्या शेजाऱ्याला वाचायला द्या. प्रश्न काय होता, तुमचं मत काय आणि पुढे कोणते दोन मुद्दे येणार, हे त्याने सांगायचं. ‘शेतीबद्दल कायतरी आहे’ एवढंच उत्तर आलं, तर दुसरं वाक्य पुन्हा लिहा.