अंगठेबहाद्दरांचे सर्वेक्षण

आपल्या बॅचचा स्नेहमेळावा व्हावा, या कल्पनेला ग्रुपवर जो एकमुखी पाठिंबा मिळतो तो जगातल्या दुसऱ्या कोणत्याही ठरावाला मिळत नसावा. ‘झालाच पाहिजे’, ‘आपण तर येणारच’ अशा आरोळ्या मध्यरात्रीपर्यंत उठत राहतात आणि मग तारीख, ठिकाण व वेळ ठरवण्यासाठी कुणीतरी बारा प्रश्नांचा फॉर्म पाठवतो, त्या क्षणी सगळे चिडीचूप होतात. आमच्या बॅचमधला हा ‘कुणीतरी’ मी आहे.

फॉर्म पाठवल्यावर पहिल्या तासात माझ्या संदेशाखाली अंगठ्यांची रांग लागली. अंगठा म्हणजे होकार, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात ‘तू हे काम करतो आहेस हे पाहून बरे वाटले, असाच करत राहा’ एवढाच त्याचा अर्थ निघाला. एकेकाळी ज्यांना सही करता येत नसे ते अंगठा उठवीत; आता पदव्युत्तर शिक्षण घेतलेली मंडळी सहीची वेळ आली की अंगठा दाखवतात.

कारणे विचारावीत, तर तीही मोठी विद्वत्तापूर्ण असतात. एकाची लिंक उघडत नाही, मात्र त्याच दिवशी त्याने ग्रुपवर टाकलेली चार मिनिटांची चित्रफीत व्यवस्थित उघडते. दुसऱ्याला ‘बाकीचे काय म्हणतात ते पाहून’ भरायचा असतो, आणि बाकीचे त्याच्याकडे पाहत असतात. एका मैत्रिणीने सगळा फॉर्म मनापासून भरला, परंतु शेवटचे ‘सबमिट’ दाबले नाही, कारण ‘ते दाबल्यावर बदलता येत नाही ना रे?’ ‘येणार का?’ या प्रश्नाला मी ‘हो’, ‘नाही’ आणि ‘कदाचित’ असे पर्याय दिले होते. सर्वाधिक मते अर्थातच ‘कदाचित’ला पडली. एका ‘कदाचित’साठी किती खुर्च्या मांडायच्या, हे कुठल्याच गणिताच्या तासाला शिकवले गेले नव्हते.

तरीही काही उत्तरे आली, आणि ती पाहून मी अधिकच घाबरलो. उत्तरे देणाऱ्या सर्वांना मेळावा सकाळी नऊ वाजता सुरू व्हावा, प्राध्यापकांची भाषणे व्हावीत आणि पाच वाजता आभारप्रदर्शन होऊन सर्वांनी घरी जावे असे वाटत होते. नावे तपासली तेव्हा खुलासा झाला : फॉर्म फक्त पहिल्या बाकावरच्यांनी भरला होता. १९३६ साली अमेरिकेत ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठवल्या, वीस लाखांहून अधिक परत आल्या आणि त्यांच्या भरवशावर त्याने अध्यक्षपदाच्या निवडणुकीत रूझवेल्ट हरणार असे भाकीत केले. प्रत्यक्षात रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. उत्तर न पाठवणाऱ्यांमध्ये त्यांचे पाठीराखे अधिक होते, असे अभ्यासकांनी पुढे दाखवून दिले. आमचा मागचा बाकही असाच गप्प होता, आणि तो नसलेल्या मेळाव्याला मी स्वतःसुद्धा गेलो नसतो.

तेव्हा ग्रुपवर आवाहने करणे मी बंद केले. डार्ली आणि लाताने या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्येच प्रयोगाने दाखवले होते की आणखी चौघे ऐकत आहेत अशा समजुतीत असलेला माणूस संकटातल्याच्या मदतीला धावण्याची शक्यता बरीच कमी होते. मग शंभरावर माणसांच्या ग्रुपमध्ये माझ्या फॉर्मसाठी कोण धावणार? मी एकेकाला नाव घेऊन, त्याच्या जुन्या टोपणनावासकट, स्वतंत्र निरोप पाठवू लागलो, आणि बारापैकी आठ प्रश्न वगळले. (आहारविषयक प्रश्न एका डॉक्टर मित्राने घातला होता. तो प्रश्न जाताच वातावरण निवळले.) उत्तरे येऊ लागली.

अखेरीस मागच्या बाकाचा सम्राट उरला. त्याने निरोपाला उत्तर न देता थेट फोन केला, तासभर जुन्या आठवणी काढल्या, आणि फॉर्मचा विषय काढताच म्हणाला, “अरे, माझी प्रॉक्सी लावायचास ना हजेरीला? तसाच हाही भरून टाक.” मी निमूटपणे लॅपटॉप उघडला आणि तो सांगेल तसे लिहीत गेलो. वेळ : संध्याकाळी सात. भाषणे : नकोत. शेवटी ‘इतर सूचना’ या रकान्यात काय लिहू, असे विचारले. त्याने क्षणभर विचार केला आणि गंभीरपणे सांगितले, “लिही की कार्यक्रम ठरवण्याआधी सगळ्यांची मते विचारत जा.”